ओकभोवती बांधलेला पार

आम्ही हे घर फेब्रुवारीत बघितलं, इथंच सगळी गोम आहे. कॅलिफोर्नियातल्या ह्या खोऱ्यात फेब्रुवारी म्हणजे आपला श्रावण. टेकड्या हिरव्यागार, ओढ्याला खळखळ पाणी, द्राक्षांच्या रांगांमधून पिवळीधमक मोहरी फुललेली, सकाळी खोऱ्यात धुकं साचलेलं आणि संध्याकाळी बेडकांचा असा गोंगाट की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मिनेसोटात, ईडन प्रेरीला, अर्धा जन्म बर्फ उपसून आमचे गुडघे कामातून गेले होते. तिथं फेब्रुवारीत दाराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी चार थर अंगावर चढवायचे. इथं मी नुसत्या चपला घालून अंगणात उभी होते. मी म्हटलं, "अहो, मरायचं तर आता इथंच." आमचे हे म्हणाले, "आधी थोडं जगू दे मला." आणि आठवड्याच्या आत घर पक्कं करून मोकळे झालो.

राहायला आलो ते मेच्या शेवटी. वळण संपलं, खोरं दिसलं आणि मी ह्यांना गाडी थांबवायला लावली. सगळं जळून गेलं होतं! टेकड्या पिवळ्या-तपकिरी, ओढ्यात नुसते गोटे, मोहरीच्या जागी काटक्या. मला खरंच वाटलं की वणवा लागून गेला आणि आम्हाला कुणी कळवलंदेखील नाही. मी तिथल्या तिथं घर विकणाऱ्या बाईला फोन लावला. ती हसून म्हणाली, "वणवा नाही हो, उन्हाळा आहे. ह्याला आम्ही सोनेरी म्हणतो." सोनेरी म्हणे! वाळकं गवत ते, सोनेरी कसलं? फसवलं आपल्याला, असं मी रात्री झोपेपर्यंत म्हणत होते.

पहिलं वर्षभर मी अशीच धक्के खात होते. इथं सगळंच उलटं. पाऊस पडतो थंडीत. दिवाळीच्या सुमाराला पहिली सर येते आणि मेमध्ये आभाळ जे पुसून कोरडं होतं ते थेट पुढच्या दिवाळीपर्यंत. जुलैमध्ये ओढ्याकाठची काही झाडं सगळी पानं गाळून उघडीबोडकी उभी राहतात. मी हळहळले, मेली बिचारी. ती मेलेली नव्हती, उन्हाळाभर झोपलेली होती. गिधाडं सकाळी कुंपणाच्या खांबांवर पंख पसरून ऊन खात बसतात, घरचीच असल्यासारखी. संध्याकाळी कोल्ह्यासारखे कायोटी ओरडतात तेव्हा वाटतं, कुणाची तरी पाच-सहा पोरं एकदम रडायला लागली. आणि एकदा मागच्या पायरीवर शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं वाजाव्यात तसा आवाज आला. मी म्हटलं, इथं शिरीष कुठून आला? बघते तर रॅटलस्नेक, शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप. शेपूट उभी करून माझ्याकडे बघत होता. मी हातातलं धुणं तिथंच टाकलं आणि आत पळाले. ते धुणं दुसऱ्या दिवशी ह्यांनी चिमट्यानं उचलून आणलं.

त्या सगळ्या वाळक्या पसाऱ्यात एकच झाड हिरवं होतं. आमच्या घरामागचा ओक. आम्ही घर बघायला आलो तेव्हा सगळं हिरवं आणि हाच तेवढा निष्पर्ण उभा होता, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता सगळं वाळलं आणि हा घरावर मांडव घालून उभा! बुंधा एवढा की आम्ही दोघांनी हात पसरले तरी कवेत येत नव्हता. फांद्या अशा वाकड्यातिकड्या की कुठून निघाली आणि कुठं गेली ते शोधत बसावं. त्यावर सुतार पक्ष्यांचं एक अख्खं खटलं राहायचं. लाल टोपीवाले, डोळे वटारलेले. ओकची टोपी घातलेली फळं आणायची, बुंध्याच्या सालीत बरोब्बर मापाचं भोक पाडायचं आणि त्यात ठोकून बसवायचं. हजारो भोकं होती त्या सालीत, आणि प्रत्येकात एक फळ. मी म्हणायचे, माझी साठवणीची खोली इतकी नीट कधी लागली नाही.

आणि हे त्या झाडाखाली गेले की पुन्हा माणसात यायचे. ते सांगायला हवं. रिटायर झाल्यापासून ह्यांना काही सुचत नव्हतं. सकाळी उठायचं, पेपर उघडायचा, तेच पान धरून बसायचं. काही विचारलं तर "हं". माणूस जेवत होता, झोपत होता, पण घरात नव्हता. मी भांडून बघितलं, लाडीगोडी करून बघितलं, डॉक्टरकडे नेलं. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एक दिवस हे झाडाखाली खुर्ची टाकून बसले, वर बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला पार पाहिजे."

मी म्हटलं, "काय?"

"पार. आमच्या गावात पिंपळाला होता तसा. एवढं झाड आणि बसायला पार नाही म्हणजे काय?"

ह्यांचं गाव नागपूरकडचं. मी साताऱ्याकडची. पण पार म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती दगडी ओटा बांधायचा, आत माती भरायची, वरून सपाट करायचं, आणि मग गावानं यावं, बसावं, बोलावं. झाड मोठं आहे आणि त्याला पार नाही, हे आम्हाला कपाळावर कुंकू नाही असं वाटतं. मी लगेच म्हटलं, "बांधा."

बाई बाई, काय तो उत्साह! मेकॅनिकल इंजिनियर माणूस. ओढ्यातले गोटे आणले, डोंगरातली दगडाची फाडी आणली, ओळंबा धरून एकेक थर रचला. दिवस उगवला की हातात पहार. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. मधली पोकळी चांगल्या काळ्या मातीनं आणि खतानं गच्च भरली, थेट बुंध्याला टेकवून. गुडघ्याच्या वर आला ओटा, अगदी बसायच्या मापाचा. मी त्यावर एका कोपऱ्यात तुळस लावली आणि कडेनं झेंडू. पहिल्या दिवशी दोघं चहा घेऊन त्यावर बसलो तेव्हा हे मांडी घालून बसले आणि एकदम गावाकडच्या गोष्टी सांगायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यातल्या अर्ध्या ऐकल्या नव्हत्या. मला रडूच आलं. मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

आणि पाणी. पाणी माझ्याकडे. उन्हाळ्यात दारातल्या झाडाला पाणी घातल्याशिवाय आमची आई स्वतः घोटभर पाणी प्यायची नाही. वैशाखात तर झाडाला पाणी घालणं हे तिचं व्रतच होतं. इथं तर पाच महिने थेंब नाही! एवढा जीव, आणि पावसाची वाट बघत तहानलेला उभा. माझ्यानं कसं बघवेल? सकाळी उठले की आधी नळाची पाइप झाडाच्या बुडाशी सोडायची आणि मग चहा. माती चांगली भिजून चिखल व्हायला हवी, तोवर नळ चालू. संध्याकाळी तुळशीला आणि झेंडूला घालताना पुन्हा वरून. झाड जरा जास्तच हिरवं दिसायला लागलंय, असं मी ह्यांना सांगायचे. हे म्हणायचे, "तुझ्या हाताला गुण आहे."

पाराची कीर्ती पसरली. मंडळी यायला लागली. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीहून ह्यांचे जुने डॉक्टर मित्र आणि वहिनी आले आणि चार दिवस पारावरून उठले नाहीत. भेळ पारावर, पत्ते पारावर, वाद पारावर. डॉक्टर म्हणाले, "यार, तू तर अमेरिकेत गाव उचलून आणलंस." जाताना टेप घेऊन पाराची उंची-रुंदी मोजली. म्हणाले, "मी पण आता बर्फाला रामराम ठोकणार. इथंच कुठंतरी बघतो. आणि सेम टू सेम असा पार बांधणार." हे इतके खूश झाले की पुढचे आठ दिवस फोन आला की पहिलं वाक्य तेच.

एकच माणूस त्या पारावर कधी आलं नव्हतं. शेजारीण. शेजारीण म्हणजे आपल्यासारखी भिंतीला भिंत नव्हे. शेतापलीकडे तिचं घर. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर हॅट, मेंढ्या पाळणारी, जन्म ह्याच खोऱ्यातला. आम्ही आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात ती ट्रक थांबवून फाटकातूनच ओरडली होती, "गवत कापा तुमचं! नाहीतर आपण सगळे जळू!" ना नमस्कार, ना चमत्कार. मला असा राग आला! गवत आम्ही कापलं, पण तिला चहाला काही बोलावलं नाही. नंतर रस्त्यात भेटली की ती स्टिअरिंगवरून एक बोट उचलायची, मी मान हलवायची. संपलं. आमचं झाड घरामागे, त्यामुळे तिला ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिची एक मेंढी कुंपणातून आत घुसली आणि पारावर चढून माझे झेंडू खायला लागली. मी हाकलतेय, ती हलत नाहीय, एवढ्यात मागून ही बाई आली. तिनं मेंढीला मानेला धरून खाली ओढलं आणि सहज वर बघितलं. मग खाली बघितलं. मग पाइपकडे. तिचा चेहरा उतरला.

"पाणी कोण घालतं ह्याला?" तिनं विचारलं. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत.

"मी."

"उन्हाळ्यात?"

"रोज!" मी म्हटलं. आता ही कौतुक करणार म्हणून मी जरा ताठच उभी राहिले.

ती तडक भिंतीपाशी गेली आणि नळ बंद केला. माझ्या दारात येऊन माझा नळ! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "हे माझं झाड आहे." ती म्हणाली, "म्हणूनच सांगते. तुम्ही मारताय त्याला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "काय बोलताय? पाणी घालून कुणी मरतं का?" तेव्हा तिनं मेंढी सोडून दिली, पाराच्या कडेवर बसली आणि मला समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, ह्याचंच मला जास्त भय वाटलं. ती म्हणाली, हे झाड दोन-तीनशे वर्षं उन्हाळ्यात एक थेंब न पिता जगलंय. त्याला कोरडा उन्हाळा हवाच असतो. ऊन आणि ओल एकत्र आली की जमिनीतली बुरशी जागी होते आणि मुळं खाते. आणि बुंधा जिथं जमिनीत शिरतो ती त्याची मान, ती उघडी पाहिजे, तिला वारा लागला पाहिजे. "तुम्ही त्याला मानेपर्यंत पुरलंय आणि वर रोज पाणी ओतताय," ती म्हणाली. मग वर बोट दाखवलं. शेंड्याकडची पानं विरळ झाली होती, एक अख्खी फांदी वाळली होती. मी रोज त्या झाडाखाली असायचे. मी वर कधी बघितलंच नव्हतं, मी सगळा वेळ पाइपकडे बघत होते.

"अहो, उन्हाळ्यात त्याला तहान लागत असेल," मी तरी म्हटलंच.

"उन्हाळा ही त्याची रात्र आहे," ती म्हणाली. "झोपलेल्या माणसाच्या तोंडात तुम्ही पाणी ओतता का?"

हे मागे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

झाडांची तपासणी करणारा माणूस आम्ही दुसऱ्याच दिवशी बोलावला. त्यानं एका बाजूचे दगड काढले, माती उकरली आणि बुंध्याला स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. त्यानं सालीचा तुकडा सोलला, आत दुधावरच्या सायीसारखी पांढरी बुरशी. ओल्या गोणपाटाचा वास सुटला. हे म्हणाले, "वाचेल का?" तो म्हणाला, "पार काढा, पाणी बंद, कोरडं पडू दे. पुढच्या वसंतात पालवी फुटली तर चांगलं लक्षण. पण खाली मुळांचं काय झालंय ते मला दिसत नाही, तेव्हा झाडाखाली बसू नका." आम्ही पालवीपर्यंतचं ऐकलं. पुढचं ऐकलं, पण कानांनी.

पार ह्यांनी स्वतः काढला. माणूस लावू म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी घमेलंच उचललं. ज्या पहारीनं बांधला त्याच पहारीनं एकेक दगड सुटा केला. मी घमेल्यानं माती वाहत होते. दोष तरी कुणी कुणाला द्यायचा? मी पाणी घातलं, ह्यांनी माती भरली, दोघांनी प्रेमानं केलं. ह्यांनी सगळे दगड कुंपणापाशी ओळीनं लावून ठेवले आणि आत जाऊन झोपले. त्या दिवसापासून परत "हं" सुरू झालं. मी काय समजायचं ते समजले. झाड वाचलं तर माझा माणूस वाचणार होता.

तो उन्हाळा मी कसा काढला माझं मला माहीत. दुपारी बाहेर हात धरवत नव्हता. गिधाडंदेखील सावलीला जायची. लावा पक्ष्यांची रांग झुडपाखाली चोची वासून बसायची. आणि ते झाड समोर उभं, पानं कडेनं करपलेली, आणि मी त्याला पाणी द्यायचं नाही! एक दिवस राहवलं नाही. बादली भरली आणि मागच्या दारानं निघाले. हे खिडकीत होते. म्हणाले, "ठेव ती बादली." नुसतं एवढंच. मी पायरीवर बसले आणि हमसाहमशी रडले. आई जन्मभर जे पुण्य म्हणून करत आली ते इथं खून ठरावं? कुणाला सांगायची सोय नव्हती. हे म्हणाले होते, कुणाला काही सांगू नकोस, लोक हसतील. म्हणून फोनवर सगळे विचारायचे, "पार काय म्हणतो?" आणि मी म्हणायचे, "मजेत आहे."

दिवाळीला पाऊस आला. टेकड्यांवर हिरवी लव फुटली. ओकची पानं गळाली, सगळ्यांची गळाली, त्यात विशेष काही नव्हतं. आता वसंतापर्यंत नुसतं बघायचं. मी रोज सकाळी खालची फांदी ओढून तिच्यावरचे पालवीचे डोळे तपासायचे. फेब्रुवारीत मोहरी आली, बेडूक आले. मार्चमध्ये शेजारणीच्या टेकडीवरचे ओक फुटले. आमचा ढिम्म. मी देवाला नवस बोलले, कुठला ते सांगत नाही. आणि मग एका सकाळी फांदीच्या टोकाला गुलाबीसर, लव असलेलं, बाळाच्या कानाएवढं पान! एक नाही, सगळीकडे. मी ओरडत आत गेले. हे एका पायात चप्पल घालून धावत आले.

पाडव्याला मी गुढी उभारली, पुरणपोळ्या केल्या आणि शेजारणीला जेवायला बोलावलं. माझा राग केव्हाच गळाला होता. तिनं तूप घालून दोन पोळ्या खाल्ल्या, मागून तिसरी घेतली. झाडाकडे एकदाच बघितलं. मी म्हटलं, "बघा, फुटलं!" ती म्हणाली, "सुंदर दिसतंय." आणि ताटाकडे बघत राहिली. मला तेव्हा काही वाटलं नाही, आनंदात होते. ह्यांनी त्या संध्याकाळी दाढी केली आणि खुर्ची झाडाखाली नेली. मी म्हटलं, "अहो, खाली बसू नका म्हणालाय तो." हे म्हणाले, "अगं, पालवी फुटली ना आता!"

मग रोजची खुर्ची, रोजचा चहा, रोजच्या गोष्टी. एप्रिलच्या शेवटाची दुपार होती. पान हलत नव्हतं, वाऱ्याचं नाव नाही. मी चहा केला. माझा गुडघा त्या दिवशी ठणकत होता आणि डोकंही ठणकत होतं. मी खिडकीतून ओरडले, "चहा झालाय! हवा असेल तर येऊन न्या, मी काही तुमची मोलकरीण नाही!" हे ओरडले, "आण ना गं!" मी म्हटलं, "नाही आणत जा!" हे बडबडत उठले. आत आले, ओट्यापाशी उभे राहिले, कप उचलला.

आणि आवाज आला. मोडल्याचा नाही. कुणीतरी खूप मोठा श्वास सोडावा तसा. मग पायाखालची जमीन हादरली, मांडणीतली भांडी थरथरली आणि सुतार पक्ष्यांनी एकच कल्लोळ केला. आम्ही मागच्या दाराशी गेलो. जिथं जन्मात आभाळ दिसलं नव्हतं तिथं लख्ख आभाळ होतं.

झाड आडवं पडलं होतं, सगळ्या पालवीसकट. खुर्ची कुठं होती तेसुद्धा कळत नव्हतं. ह्यांच्या हातात कप तसाच होता, चहा सांडत होता आणि ह्यांना कळत नव्हतं. मी ह्यांचा दंड धरला आणि सोडलाच नाही. मला एवढंच दिसत होतं की मी चहा नेऊन दिला असता तर.

बुंध्याकडे गेलो तर मुळं नव्हतीच. जाडजूड, मांडीएवढी मुळं असायला हवीत तिथं नुसता काळा भुगा. झाड जमिनीत नव्हतंच, जमिनीवर ठेवलेलं होतं. शेजारीण आली, तिनं भुगा मुठीत घेऊन सोडून दिला. म्हणाली, "खोडात साठवलेल्या अन्नावर पालवी काढली त्यानं." मग माझ्याकडे बघून, "मी पहिल्याच वर्षी आत यायला हवं होतं. पण तू अशी बघायचीस ना, माझी हिंमत झाली नाही." तिनं माझा हात धरला, मी धरू दिला.

पानं पुढं कितीतरी दिवस हिरवी राहिली. आपण पडलोय हे त्या झाडाला कळलंच नव्हतं. सुतार पक्षी आडव्या बुंध्यावर येऊन आपापली भोकं शोधत बसायचे. हे खिडकीकडे पाठ करून बसायचे. पेपर उघडा, पान तेच. दाढी वाढली. मी बोलले तर "हं", भांडले तर तेही नाही. मुलीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना थेरपिस्टची गरज आहे, प्लीज." मला कळत होतं, पण माणूस खुर्चीतून उठेल तेव्हा ना? जून आला, टेकड्या पिवळ्या पडल्या, आणि मला पहिल्यांदाच त्या पिवळ्या टेकड्यांचा धक्का बसला नाही. घरात जे बसलं होतं त्यापुढं टेकड्यांचं काय!

तेव्हा वहिनींचा फोन आला. डॉक्टरांच्या. ते दोघं श्रूजबरी सोडून डोंगरापलीकडच्या खोऱ्यात राहायला आले होते, एवढं मला माहीत होतं. भेटायला बोलवत होते, मी टाळत होते. वहिनी आनंदानं फुटायच्या बेतात होत्या. "अगं, फोटो बघितलास का? पार झाला आमचा! ह्यांनी मुद्दाम तुमच्याच मापाचा बांधून घेतलाय. काय झाड आहे म्हणून सांगू, तुमच्यापेक्षा मोठं! आणि बिचारं इतकं तहानलेलं, मी कालपासून सकाळ-संध्याकाळ..."

"नळ बंद करा!" मी ओरडले.

"काय?"

"वहिनी, आधी नळ बंद करा! आत्ताच्या आत्ता! फोन ठेवू नका, जाऊन नळ बंद करा!"

"अगं, तुला झालंय काय? झाडाला पाणीच घालतेय ना..."

"मरेल ते! आमचं मेलं, वहिनी. मेलं! पडलं. हे खाली बसायचे, थोडक्यात वाचले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही कारण आम्ही सांगितलं नाही. बंद करा तो नळ!"

पलीकडे वहिनींनी फोन कुठंतरी टेकवला. मग लांबून नळाची चावी फिरवल्याचा आवाज आला आणि वहिनी रडायला लागल्या. मी पण रडत होते. मी म्हटलं, काही हात लावू नका, आम्ही येतो. "आम्ही" म्हटलं खरं, पण म्हणताना मला माहीत होतं की मी एकटीच जाणार.

फोन ठेवून वळले तर खुर्ची रिकामी. मागचं दार उघडं होतं. मी धावत बाहेर गेले. हे कुंपणापाशी त्या दगडांच्या ओळीजवळ उभे होते, पायात कामाचे बूट आणि हातात पहार.

"पार कधी झाला म्हणाल्या?" ह्यांनी विचारलं.

"नुकताच. पाणी कालपासून."

ह्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. "मग वाचेल," म्हणाले. पहार गाडीत टाकली, चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"उभी काय राहिलीस? घमेलं घे."